डॉ. वानलेस आणि शिकणारे हात

लातूरकरांना मिरज हे गाव अलीकडे आठवते ते पाण्यामुळे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ती गाडी पाहण्यासाठी जी गर्दी लोटली तीत प्रस्तुत लेखकही होता. ज्या मार्गाने हे पाणी आले, त्याच मार्गाने एके काळी आपल्या भागातली माणसे उलट दिशेने दृष्टी मागायला जात असत, ही गोष्ट त्या दिवशी फारशी कोणाच्या मनात आली नसावी. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरला पोहोचली आणि १९२७ साली तिचे दुसरे टोक पंढरपूरच्या पुढे जाऊन मिरजेला टेकले. निजामाच्या राज्याच्या कडेला असलेले आपले गाव आणि पटवर्धनांचे ते संस्थानी गाव अशा रीतीने एका रुळावर आले. नांदेडच्या माणसाला गोदावरी खोऱ्याची रेल्वे हैदराबादेकडे नेत असे. लातूरच्या माणसाला मात्र मिरज जवळची झाली. मिरजेला तेव्हा एक इस्पितळ होते आणि त्या इस्पितळाच्या मागे एक माणूस उभा होता.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, चार्ल्सटन नावाच्या लहानशा गावी झाला. न्यूयॉर्कच्या विद्यापीठातून १८८९ साली ते डॉक्टर झाले आणि पत्नी मेरी हिच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने सांगलीस आले. वय वर्षे चोवीस. ते धर्मप्रसारासाठी आले होते, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. त्यांच्या मिशनच्या दृष्टीने दवाखाना हे धर्मकार्याचेच एक अंग होते आणि स्वतः वानलेस यांनी ही श्रद्धा कधी लपवली नाही. आपल्याकडे अशा माणसांबद्दल एक तर नुसती आरती ओवाळण्याची किंवा नुसता संशय घेण्याची पद्धत आहे. दोन्हींनी त्यांचे काम दिसेनासे होते.

सांगलीत दवाखाना निघाला, पुढे मुक्काम मिरजेस हलला आणि १८९४ साली तेथे इस्पितळाची इमारत उभी राहिली. इमारतीसाठी पैसा दिला तो फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या उद्योगपतीने. आगगाडीची इंजिने बनवणाऱ्या एका प्रचंड कारखान्याचा तो प्रमुख. मिरजेचे भाग्य पुढे रेल्वेच्या जंक्शनाने उजळले, तेव्हा हा योगायोग गमतीचाच म्हणायचा. रोगी येऊ लागले ते प्रथम कुतूहलाने, नंतर अखेरचा उपाय म्हणून, आणि काही वर्षांनी पहिला उपाय म्हणून. सधन रुग्णांकडून फी घ्यावी आणि त्यातून गरिबांचा खर्च निघावा, हे धोरण तेथे रुजले. अर्थशास्त्राच्या वर्गात अशा व्यवस्थेला मोठी नावे देतात. मिरजेच्या हिशेबनिसाला त्या नावांवाचून ती साधली.

डोळ्याच्या बाबतीत वानलेस यांना काळाने हात दिला होता. त्यांनी पदवी घेतली त्याच्या अवघी पाच वर्षे आधी, १८८४ साली, व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. तोपर्यंत डोळ्यावर शस्त्र चालवायचे म्हणजे एक तर रोग्याला पूर्ण भूल द्यायची, आणि त्या भुलीतून जागा होताना त्याला ओकाऱ्या झाल्या की नुकतीच कापलेली जखम उसवायची. नाही तर चार माणसांनी रोग्याला दाबून धरायचे. कोकेनचे थेंब आले आणि एक डॉक्टर व एक समंजस मदतनीस एवढ्यावर मोतीबिंदू काढणे शक्य झाले. खेड्यापाड्यांच्या देशात ही केवढी मोठी सोय होती, हे निराळे सांगायला नको.

तरीही ते काम सोपे नव्हते. त्या काळी डोळ्याला टाका क्वचितच घालत. बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांच्या नावाने ओळखली जाणारी अरुंद, लांबट सुरी बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या एका कडेने आत घालायची, बाहुलीवरून पलीकडे न्यायची, दुसऱ्या कडेने टोक बाहेर काढायचे आणि वरच्या बाजूने अर्धवर्तुळाकार छेद एका संथ ओघात पुरा करायचा. मग आतले गढूळ झालेले भिंग हलक्या दाबाने बाहेर येऊ द्यायचे. दाब किंचित जास्त झाला की भिंगामागचा काचेसारखा गर बाहेर येतो आणि डोळा हातचा जातो. पुढे कित्येक दिवस रोग्याने दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निश्चल पडायचे. सारा खेळ काही मिनिटांचा. पण त्या मिनिटांत बोटांना जे कळावे लागते ते पुस्तकातून कळत नाही. किती जोर म्हणजे जास्त जोर, याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात लिहून ठेवता आलेले नाही.

वानलेस यांच्या आधी आणि त्यांच्या काळातही, सुईने मोतीबिंदू खाली ढकलणारे फिरते वैद्य गावोगाव हिंडत. सुईच्या टोकाने गढूळ भिंग डोळ्याच्या तळाशी लोटले की रोग्याला तत्काळ दिसू लागे. पैसे चुकते होत आणि वैद्य पुढच्या गावी जाई. काही दिवसांनी किंवा महिन्यांनी त्यातले बरेच डोळे पिकून, सुजून कायमचे जात, तेव्हा तक्रार ऐकायला तो तेथे नसे. हीच क्रिया प्राचीन सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे. परंतु त्याच संहितेत शस्त्र हाती घेण्यापूर्वी करायच्या सरावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे, हे आपण विसरतो. छेद घेण्याचा सराव भोपळ्यावर, काकडीवर आणि कलिंगडावर. शिरा टोचण्याचा सराव कमळाच्या देठावर. खरवडण्याचा सराव केस असलेल्या कातड्यावर. पट्टी बांधण्याचा सराव बाहुलीवर. सगळे शास्त्र पाठ असलेला पण हात न बसलेला वैद्य कामाचा नाही, ही त्या अध्यायामागची भूमिका होती. फिरत्या वैद्यांनी सुई तेवढी उचलली. भोपळा टाकून दिला.

आता वानलेस यांच्या चरित्रातील जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते तिच्याकडे येतो. इस्पितळ सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती. रोग्यांची रीघ लागलेली, हाताखाली प्रशिक्षित माणूस नाही, त्यात प्लेगचे आणि दुष्काळाचे दिवस. अशा वेळी कोणताही कुशल सर्जन काय करतो? आणखी पहाटे उठतो, आणखी रात्रीपर्यंत थांबतो आणि आणखी शस्त्रक्रिया करतो. वानलेस यांनीही ते केलेच. पण त्याबरोबर १८९७ साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. भारतातली मिशनची ही पहिली वैद्यकीय शाळा समजली जाते. वरवर पाहता हा व्यवहारशून्यपणा होता. शिकाऊ मुलाला शस्त्र धरायला शिकवताना गुरूचा वेळ दुप्पट जातो. तेवढ्या वेळात त्याने स्वतः दोन डोळे उघडले असते. आजचे दोन डोळे सोडून वीस वर्षांनंतरच्या दोन हजार डोळ्यांची निवड करणे याला अर्थशास्त्रात भांडवलनिर्मिती म्हणतात. उपाशी माणसाने बियाण्याचे धान्य राखून ठेवण्यासारखेच ते कठीण असते.

आणि हे भांडवल मोठे विलक्षण आहे. ते कोठारात साठवता येत नाही, मृत्युपत्राने देता येत नाही, विमा उतरवून भरून काढता येत नाही. सर्जन गेला की त्याच्याबरोबर जाते. ते टिकवण्याची एकच रीत आहे, ती म्हणजे मालक जिवंत असताना दुसऱ्याच्या बोटांत उतरवणे. मिरजेला ही गोष्ट परकी नव्हती. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांचे ते गाव. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतची सगळी विद्या तेथे बापाच्या शेजारी बसून मुलाने हाताने उचललेली. वानलेस यांच्या शाळेतही वॉर्ड आणि शस्त्रक्रियेची खोली हेच मोठे वर्ग होते. अशा इस्पितळांत शिकणारा प्रथम हत्यारे उकळी, पट्ट्या बांधी, डोळ्यांत थेंब घाली. मग पापणी उचलून धरायला उभा राही. मग आत वळलेली पापणी किंवा डोळ्यावर चढलेला वडस अशा लहान कामांवर हात बसवी. आणि पुष्कळ काळाने, गुरू कोपराशी उभा असताना, मोतीबिंदूची सुरी त्याच्या हाती येई. त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता. शिष्याला काय दिसते आहे ते गुरूला दिसण्याची सोय नव्हती. गुरूला शिष्याच्या बोटांवरून ओळखावे लागे.

त्याच सुमारास पंजाबात जालंदरला कर्नल हेन्री स्मिथ नावाचे लष्करी वैद्यक सेवेतील आयरिश सर्जन मोतीबिंदू काढण्याची स्वतःची पद्धत चालवत होते. तिची कीर्ती ऐकून अमेरिकेतले नामांकित नेत्रतज्ज्ञ बोटीचा प्रवास करून जालंदरला येत आणि स्मिथ त्यांना शेजारी उभे करून प्रत्यक्ष सुरी हाती देत. विद्या शिकायला तेव्हा पश्चिमेहून पूर्वेला यावे लागले, याचा आपल्याला अभिमान वाटू शकतो. पण तो मान आपल्या गरिबीने मिळवून दिला होता. अमेरिकेत एवढे पिकलेले मोतीबिंदू आणि एवढे मुकाट रोगी एका जागी मिळत नव्हते.

येथे वानलेस यांच्या गौरवाला एक टोचणी लागते आणि ती लावूनच पुढे गेले पाहिजे. प्रत्येक सर्जनाच्या आयुष्यात एक पहिला डोळा असतो. तो कोणाचा? मिरजेत तो सावकाराचा किंवा जहागीरदाराचा असेल असे मला वाटत नाही. आपल्या डोळ्यावर कोणाचा हात चालणार आहे हे धर्मार्थ वॉर्डातल्या शेतकऱ्याला विचारण्याची रीतही त्या काळी कोठे नव्हती, इंग्लंड-अमेरिकेतही नव्हती. शिवाय शाळा मुख्यतः मिशनच्या दवाखान्यांसाठी ख्रिस्ती तरुण तयार करण्याच्या हेतूने निघालेली होती. ज्ञानाचा दरवाजा सर्वांना सारखा उघडा होता असे म्हणता येणार नाही. शिक्षणाचा खर्च कोणी भरला आणि लाभ कोणाला झाला, हा अर्थशास्त्राचा नेहमीचा प्रश्न येथेही विचारलाच पाहिजे. वानलेस यांच्या बाजूने सांगता येते ते एवढेच, की शिकाऊ हाताची जबाबदारी ते स्वतः तेथे उभे राहून घेत आणि डोळा बिघडला तर रोगी त्यांच्याच वॉर्डात राही. सुईवाल्यासारखे ते पुढच्या गावी निघून जात नसत. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे बहुधा लहान गावांच्या दवाखान्यांतच कामाला लागत. म्हणजे गरिबाने भरलेला खर्च पुष्कळ अंशी गरिबाकडेच परत येत होता.

पुढची हकिकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. कुष्ठरोग्यांसाठी आश्रम झाला, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले, आणि त्या परिसराला आज आपण वानलेसवाडी म्हणतो. कोल्हापुरात मेरी वानलेस यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले आणि १९२८ साली सर ही पदवी दिली. त्याच वर्षी, चाळिशीला आलेल्या सेवेनंतर, वानलेस यांनी मिरज सोडली. ३ मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे त्यांचे निधन झाले. इस्पितळ मात्र चालू राहिले. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना रोग्याच्या उशाशी उभे राहून शिकण्यासाठी वानलेस यांचेच इस्पितळ उपयोगी पडले.

आपल्या मराठवाड्यात वैद्यकीय शिक्षण उशिरा आले. औरंगाबादला १९५६ साली, अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात, नांदेडला १९८८ साली आणि लातूरला शासकीय महाविद्यालय २००२ साली. आज या दोन जिल्ह्यांतून दरवर्षी जेवढी मुले वैद्यकाकडे जातात तेवढी जाण्याचे स्वप्नही आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले नव्हते. लातूर पॅटर्नचे नाव सगळ्या महाराष्ट्रात झाले आहे. मी स्वतः अर्थशास्त्र शिकवतो, पण ज्या गावात शिकवतो त्या गावाची अर्थव्यवस्थाच या परीक्षांवर उभी आहे, म्हणून दोन शब्द बोलण्याचा अधिकार घेतो. चार पर्यायांतून एक बरोबर उत्तर निवडण्याची जी कसोटी आपण आपल्या मुलांना लावतो, तीत हाताची परीक्षा कोठेच नाही. डॉक्टर होताना नाही, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी निवड होतानाही नाही. मुलगा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो तोवर त्याची बोटे थरथरतात की स्थिर राहतात हे कोणी पाहिलेले नसते.

एका सहकाऱ्याची मुलगी नेत्रवैद्यक घेऊन पदव्युत्तर झाली. महाविद्यालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तीन वर्षांत तिने नोंदवह्या भरल्या, चष्म्याचे नंबर काढले, प्रबंध लिहिला, शेकडो शस्त्रक्रिया शेजारी उभे राहून पाहिल्या. स्वतःच्या हाताने पहिल्या छेदापासून शेवटपर्यंत पुऱ्या केलेल्या शस्त्रक्रिया मात्र ती दोन हातांच्या बोटांवर मोजते. पदवी हाती आल्यावर तिला दूरच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून फी भरून, जे आधीच शिकायला हवे होते ते शिकायला जावे लागले. तिच्या शिक्षकांना मी सरसकट दोष देणार नाही. देशात १९७६ पासून अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि त्याने मोठे काम केले आहे. पण त्याच्या तक्त्यांत किती शस्त्रक्रिया झाल्या याचा रकाना ठळक असतो. किती शिकाऊ हात तयार झाले हा रकाना मी तरी पाहिलेला नाही. ज्याच्यावर आकड्याचे ओझे आहे तो सर्जन सुरी दुसऱ्याच्या हाती का देईल? नव्या पद्धतीत छेद चिमुकला असतो, आत कृत्रिम भिंग बसवायचे असते, रोग्याला दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसायला हवे असते आणि चूक झाली तर जाब विचारला जातो. असा जाब विचारला जाणे योग्यच आहे. पण मग शिकायचे कोठे?

उत्तर अगदीच नाही असे नाही. शेळीच्या डोळ्यांवर सराव करता येतो. खाटकाच्या दुकानातून ते मिळतात आणि छेद, टाका, भिंग बसवणे हे सगळे त्यांवर पुन्हा पुन्हा करता येते. संगणकाला जोडलेले कृत्रिम डोळे निघाले आहेत. ते महाग आहेत, पण आपल्या विभागातील महाविद्यालयांनी मिळून एखादा घेण्याइतके महाग नाहीत. आजच्या सूक्ष्मदर्शकाला शेजाऱ्यासाठी दुसरी नेत्रिका असते. गुरूला शिष्याची प्रत्येक हालचाल त्याच क्षणी दिसते, चित्रफीत लावून पुन्हा दाखवता येते. वानलेस यांना यातले काही मिळाले असते तर त्यांनी काय केले असते कोण जाणे. सुश्रुताचा भोपळा आपल्याकडे परत आला आहे. त्याच्यासाठी वेळापत्रकात तास, खोलीला कुलूप न लावणारा अधिकारी आणि कोपराशी उभा राहणारा शिक्षक मिळाला पाहिजे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी शासन एका परिपत्रकाने करू शकते. तिसरी करायची तर शिक्षकाच्या कामाच्या मोजणीत शिकवलेल्या शस्त्रक्रिया धराव्या लागतील, आणि रोग्याला विश्वासात घेऊन, कोण शस्त्र धरणार आणि कोण शेजारी उभे राहणार हे त्याच्या भाषेत सांगावे लागेल. आपला शेतकरी असे सांगितले तर नाही म्हणेल, असे गृहीत धरणाऱ्यांनी त्याला कधी विचारून पाहिलेले नसते.

आमच्या घरात एक जुनी गोष्ट सांगतात. आजोबांची आजी, म्हणजे आमची खापरपणजी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी झाली होती. १९३४ साली तिला लातूरहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेला नेले. आजोबा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे, काठी धरायला बरोबर गेले होते. दोन आठवडे ती वाळूच्या पिशव्यांमध्ये डोके ठेवून पडून राहिली आणि परत आली तेव्हा जाड भिंगांचा चष्मा लावून ज्वारी निवडू लागली. तिचे डोळे वानलेस साहेबांनी उघडले, असे आजोबा अखेरपर्यंत सांगत आले. पुढे मी वर्षे जुळवून पाहिली. साहेब मिरज सोडून गेले त्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि त्यांचा मृत्यू होऊनही वर्ष उलटले होते. मी हे आजोबांना एकदा सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, की ज्याने पट्टी सोडली तो डॉक्टर मराठी माणसासारखा मराठी बोलत होता, एवढे मात्र त्यांना पक्के आठवते.